गावात तिसरा टीबी पेशंट सापडला, आणि आठ-दहा दिवसांत तो ऊसतोडीला निघालाय. मदत हवी.

वॉर्ड_तीनची_ताई (ऑक्टोबर २०२४)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. लोकसंख्या २,४०० धरा. निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात.

यंदा २४ मार्चला आमच्या गावाला टीबीमुक्त ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र मिळालं, सोबत महात्मा गांधींचा ब्राँझचा पुतळा. पहिल्या वर्षी ब्राँझ, सलग दुसऱ्या वर्षी निकष पाळले तर चांदीचा, तिसऱ्या वर्षी सोन्याचा. निकष मला आता पाठ झालेत. हजार लोकांमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी, म्हणजे आमच्या ७२. हजारामागे १ किंवा कमी रुग्ण. शिवाय ८५ टक्क्यांवर रुग्ण बरे झालेले, ६० टक्क्यांवर रुग्णांची औषध लागू पडतं का ही चाचणी, सगळ्यांना निक्षय पोषणचे, म्हणजे खाण्यासाठी सरकारकडून मिळणारे, पैसे आणि सगळ्यांना पोषणाची टोपली.

आता अडचण. यंदा जानेवारीपासून दोन रुग्ण होते, दोघेही गोळ्या पूर्ण करून चांगले झाले. गेल्या मंगळवारी तिसरा निघाला. वय ३४, माझ्या घरापासून चौथं घर. दोन महिने खोकत होता. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तीन वेळा खोकल्याची बाटली आणि इंजेक्शन घेऊन आला, बेडका कुणी तपासला नाही. शेवटी आमच्या आशाताईंनी सकाळी सकाळी त्याच्या अंगणात उभं राहून डबी भरून घेतली. पहिल्यांदा नुसती थुंकी आली, ती तिने सांडून टाकली आणि म्हणाली, "दादा, तोंडातलं नको, खोल श्वास घे, छातीतलं काढ." ती डबी बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्यात घालून ती स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली. ट्रूनॅट या टीबी तपासणीच्या मशीनवर पॉझिटिव्ह. वजन ४१ किलो.

दोन हजार चारशेला तीन म्हणजे हजारी सव्वा. चांदी गेली.

ग्रामपंचायतीत बसलो तेव्हा एक जण म्हणाला, "तो आठ दिवसांनी जाणारच आहे. नाव इकडं लावूच नका. कारखान्याकडं गेला की तिकडं तपासू द्या, तिकडच्या तालुक्यात नोंद होईल." बाकीचे गप्प. मीही त्या वेळी गप्प बसले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्याने आणि बायकोने तोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय, त्यामुळे थांबणं त्यांच्या हातात नाही. घरात दोन लेकरं, एक पाच वर्षांचं आणि एक दोन. ती दोन्ही सोबत जाणार. त्याच घरातल्या सासूबाई इथे राहणार, आणि त्याही खोकतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नाव कुठे लागावं? पाच महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहणाऱ्या माणसाच्या गोळ्या कशा चालू ठेवायच्या? आणि हे प्रमाणपत्र तपासायला कोण येतं, नेमकं काय बघतात?

---

जुना_टीबीवाला

ताई, मी २००४ ते २०२२ क्षयरोग कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक होतो. सगळी वर्षं कंत्राटावर, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या तालुक्यात. म्हणजे तुमची माणसं जिथे येतात तिथे. म्हणून आधी माझी एक गोष्ट लिहितो, मग उत्तरं.

तेव्हा कार्यक्रमाचं नाव सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम होतं, डॉट्स म्हणून लोक ओळखायचे. दोन आकडे आमच्या डोक्यावर असायचे: ७० टक्के रुग्ण शोधा आणि ८५ टक्के बरे करा. दर तीन महिन्यांनी अहवाल जायचा. ८५ च्या खाली घसरलं की मीटिंगमध्ये उभं करायचे. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा सहा महिन्यांच्या औषधांचा एक खोका असायचा, नव्या रुग्णाचा लाल. खोका फोडण्याआधी पत्त्याची खात्री करा, असा दंडक होता.

२००७ च्या डिसेंबरात फडावरून एक माणूस आला. बेडक्याचा रिपोर्ट थ्री प्लस, म्हणजे जंतू भरपूर. त्याला पत्ता विचारला तर म्हणाला, कोपीवर राहतो, पुलाच्या पलीकडं. मी काय विचार केला ते आज स्पष्ट लिहितो. हा मार्चमध्ये जाणार, माझ्या रजिस्टरात 'डिफॉल्टर', म्हणजे उपचार अर्धवट सोडलेला, होणार, माझे ८५ तुटणार. मी त्याचा खोका फोडला नाही. त्याच्या मूळ तालुक्याच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि हातात दिली. उचल फिटल्याशिवाय मुकादम कुणाला सोडतो का? तो गेला नाही. पुढच्या हंगामात त्याच टोळीचा मुकादम भेटला, मी विचारलं, तर म्हणाला, संक्रांतीच्या पुढं-मागं वारला तो. चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती.

त्या वर्षी माझा तालुका जिल्ह्यात दुसरा आला होता.

तुमच्या बैठकीतल्या माणसाला मी वाईट म्हणत नाही. मी खुर्चीवर बसून तेच केलं. पण नाव लावायचं कुठे, याचं उत्तर एकच: जिथे निदान झालं तिथे, आणि त्याच दिवशी. २०१२ पासून टीबीची नोंद सक्तीची आहे. ट्रूनॅट पॉझिटिव्ह आल्यावर निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नाव चढलं नसेल तर औषध सुरू होत नाही, पोषणाचे पैसे येत नाहीत, आणि घरातल्या लेकरांची तपासणी कुणाच्याच यादीत येत नाही. "तिकडे तपासू द्या" म्हणजे महिना-दीड महिना उशीर, एका कोपीत चौघांनी झोपायचं, शेजारी दहा कोप्या.

गोळ्यांचं. आता पूर्वीसारखं नाही, हे मनापासून सांगतो. निक्षय आयडी देशभर एकच चालतो. त्याने निघण्याआधी तुमच्या तालुक्याच्या उपचार पर्यवेक्षकाला भेटा. कोणता कारखाना, कोणतं गाव, मुकादमाचा नंबर, त्याचा स्वतःचा नंबर, हे सगळं द्या आणि निक्षयवर त्या भागातल्या केंद्राकडे ट्रान्सफर करायला सांगा. ट्रान्सफर म्हणजे उपचार तिकडे गेले. निदानाची नोंद तुमच्याकडची ती तुमच्याकडचीच. ही दोन कामं एकमेकांत मिसळू देऊ नका. आणि नुसत्या ट्रान्सफरवर विसंबू नका. पर्यवेक्षकाला तुमच्यासमोर तिकडच्या पर्यवेक्षकाला फोन लावायला सांगा. स्क्रीनवर पाठवलेली आणि तिकडे कुणी न उघडलेली नावं मी शेकड्यांनी बघितली आहेत. निघताना महिनाभराच्या गोळ्या हातात हव्यात.

पैसे: निक्षय पोषणचे महिन्याला ५०० मिळतात, १ नोव्हेंबरपासून ते १,००० होणार असं केंद्राने याच महिन्यात जाहीर केलंय. आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते निघण्याआधी बँकेत तपासा. सगळ्यात जास्त पैसे तिथेच अडकतात.

---

तालुका_डॉक्टर

वरच्या काकांनी लिहिलंय त्यात वैद्यकीय बाजूचं थोडं घालतो.

४१ किलो म्हणजे रोज तीन गोळ्या, ३५ ते ४९ किलोच्या गटात तेवढ्याच बसतात. एकदम घ्यायच्या, रोज एकाच वेळी. लघवी लाल-नारिंगी होईल, ती औषधामुळे होते. हे आधीच सांगा, नाहीतर तिकडे घाबरून तो बंद करेल. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच दवाखान्यात. ट्रूनॅटच्या रिपोर्टवर रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधापुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे रोध असेल, म्हणजे ते औषध लागू पडत नसेल, तर सगळंच वेगळं, मग त्याला जाऊच देऊ नका, मी मुकादमाशी बोलायला तयार आहे.

जमलं तर पहिले दोन-तीन आठवडे त्याला गावातच ठेवा, बायको पुढे जाऊ दे. औषध सुरू झालं की संसर्ग पसरवण्याचं प्रमाण झपाट्याने उतरतं, आणि अंगात थोडी ताकद येते.

लेकरांचं टाळू नका. दोघांची तपासणी करून टीबी नसल्याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध सुरू करायचं. हे आता घरातल्या सगळ्यांसाठी आहे, पूर्वीसारखं फक्त पाच वर्षांखालच्यांसाठी नाही. सासूबाईंचा बेडका उद्याच पाठवा. चौथा रुग्ण निघेल या भीतीने थांबू नका. तसा विचार तुम्ही करत नाही हे दिसतंय, पण बैठकीतल्या कुणाच्या तरी मनात तो येईल.

खाण्याबद्दल: झारखंडमध्ये झालेल्या राशन्स अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रुग्णाच्या घरातल्या माणसांना दरमहा धान्य-डाळ दिली तर त्यांच्यात नवा टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. टोपली देताना म्हणून घराला द्या, एकट्या त्याला नको.

आणि गोळ्यांचा साठा विचारून घ्या. यंदा मार्चमध्ये केंद्रानेच राज्यांना पत्र लिहून सांगितलं होतं की पुरवठ्याला उशीर होईल, तीन महिन्यांची स्थानिक खरेदी करा. त्या काळात आमच्याकडे महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मोजून दिल्या जात होत्या. फडावरचा माणूस आठवड्याला येऊ शकत नाही.

---

ग्रामपंचायत_अधिकारी_१४

मी पूर्वीचा ग्रामसेवक, आता नवीन पदनाम. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी एक बाजू मांडू द्या, कारण सगळेच प्रमाणपत्राला दोष देतील असं वाटतंय.

माझ्या १९ वर्षांच्या नोकरीत ग्रामसभेत टीबी हा शब्द या अभियानाआधी एकदाही निघाला नव्हता. पाणी, घरकुल, रस्ता, गटार. आरोग्याचा विषय आला तर डॉक्टर हजर नसतात एवढाच. पंचायतींसाठी हा उपक्रम २०२३ मध्ये सुरू झाला आणि पहिल्यांदा सरपंच मला विचारायला लागले की आपल्याकडे तपासण्या किती झाल्या. गाव विकास आराखड्यात आम्ही यासाठी पैसे धरले. पुतळ्यामुळे धरले, हे खरं आहे. पण धरले.

आता पडताळणी. जानेवारीत मागच्या वर्षाचा दावा ग्रामपंचायत करते. तालुका छाननी करतो, मग जिल्ह्याची टीम येते. रजिस्टर आणि निक्षय जुळवतात, रुग्णांशी बोलतात, पैसे आणि टोपली मिळाली का विचारतात. आमच्याकडे आली ती टीम चांगली होती, दोन घरी स्वतः गेली. पण कागदाबाहेरचा रुग्ण त्यांना सापडत नाही. जो नोंदलाच नाही त्याच्या घरी ते कशाला जातील?

आणि तपासण्यांचा आकडा. डिसेंबरात कमी पडल्या की काय होतं ते मी बघितलंय. एका गावात, नाव लिहीत नाही, शेवटच्या दोन आठवड्यांत खोकला नसलेल्या माणसांच्या डब्या भरून पाठवल्या. हजारी ३० पूर्ण. तुमच्या आशाताईंनी थुंकी सांडून पुन्हा घ्यायला लावली हे वाचून बरं वाटलं. त्या ७२ मध्ये मधुमेही किती, पूर्वी टीबी झालेले किती, ६० वर्षांवरचे किती, दारू-तंबाखूवाले किती, हे एकदा काढून बघा. तिथे रुग्ण असतात.

माझं मत: तिसरा नोंदवा, चांदीचा दावा करू नका, आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात कारण लिहा. ते लिहिलेलं पुढच्या सदस्यांना उपयोगी पडेल.

---

जुना_टीबीवाला

@ग्रामपंचायत_अधिकारी_१४ साहेब, तुमचं पटतं. पंचायत यात आली हे चांगलंच झालं, आमच्या काळी सरपंचाला माझं नावसुद्धा माहीत नसायचं. माझं भांडण फक्त हजारी एकच्या अटीशी आहे. तपासण्या वाढवल्या की पहिली दोन-तीन वर्षं रुग्ण वाढलेच पाहिजेत, कारण ते आधी लपलेले होते. ज्या गावाने मनापासून शोधलं तेच गाव नापास होतं.

देशाचंच बघा. २०१८ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांनी २०२५ पर्यंत निर्मूलन असं जाहीर केलं, जगाच्या पाच वर्षं आधी. २०२० मध्ये कार्यक्रमाच्या नावातलं 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आलं. २०१५ मध्ये लाखामागे दरवर्षी २३७ नवे रुग्ण असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता, २०२२ चा १९९. सात वर्षांत १६ टक्के. खरं काम झालंय, मी त्यात होतो, खासगी डॉक्टरांकडून होणारी नोंद कितीतरी वाढली, घरोघरी मशीन आलं. पण उद्दिष्ट ८० टक्क्यांचं होतं. हे अंतर वरून खाली ढकललं जातं, आणि शेवटी ते तुमच्या ग्रामपंचायतीच्या बैठकीत येऊन "नाव इकडं लावूच नका" असं बोलतं.

---

आशा_कारखाना_भाग

ताई मी सांगली जिल्ह्यात आशा आहे, कारखान्याच्या पट्ट्यातच. एवढं मोठं लिहिता येत नाही, कामाचं सांगते.

आमच्या सर्व्हेत घर नंबर असतो. कोपीला घर नंबर नाही. म्हणून त्या कुणाच्याच यादीत नाहीत, ना माझ्या ना शेजारच्या आशाच्या. आम्हाला माणूस आलाय हे कळलं तर आम्ही जातो, कळतच नाही हा प्रॉब्लेम. तुम्ही आधी फोन केला तर अर्धं काम झालं.

ते पहाटे चारला फडात जातात, तेव्हा गाठ पडत नाही. दुपारी गाडी घेऊन कारखान्यावर नंबरला लागतात, तिथंही नको, सगळ्यांसमोर गोळी घ्यायला लाजतात. संध्याकाळी चूल पेटते तेव्हा जायचं. बायकोला गोळ्या मोजायला शिकवा, मी गेल्या हंगामात एका जोडीला तसं शिकवलं होतं. रिकामी पाकिटं फेकायची नाहीत, पिशवीत ठेवायची, आठवड्याला मी मोजायची. एकही दिवस चुकला नाही.

कोणता कारखाना ते मला मेसेज करा. माझ्या भागात नसला तरी मी तिकडची आशा शोधून देते.

---

वॉर्ड_तीनची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांची २००७ ची गोष्ट मी काल बैठकीत वाचून दाखवली. नाव काढलं नाही. ज्यांनी नाव लावू नका म्हटलं होतं त्यांनीच आज गाडी काढून सासूबाईंना छातीच्या फोटोला नेलं.

नोंद झाली. रिफॅम्पिसिन लागू आहे. गोळ्या सुरू. मुकादम दोन आठवडे थांबायला तयार झाला. आशाताई, मेसेज केलाय.

---

वॉर्ड_तीनची_ताई (एप्रिल २०२५)

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

यंदा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम लवकर संपला, मार्चमध्येच सगळे परतले. त्याच्या गोळ्या मागच्या आठवड्यात पूर्ण झाल्या. शेवटचा बेडका निगेटिव्ह, वजन ४७. बायकोने रिकाम्या पाकिटांची पिशवी आणून माझ्या ओट्यावर उलटी केली, मोजा म्हणाली. मी मोजली. डिसेंबरात तीन दिवस कमी आहेत. कारखान्याजवळच्या केंद्रात गोळ्या संपल्या होत्या आणि पुढच्या येईपर्यंत तेवढे दिवस गेले. तिथल्या आशाने स्वतः शेजारच्या केंद्रातून गोळ्यांचं पाकीट आणलं म्हणून तीनवर थांबलं.

सासूबाई चौथ्या निघाल्या. त्यांचंही चाललंय, चव नाही म्हणतात पण जेवतात. लेकरांना प्रतिबंधक औषध दिलं, धाकट्याला पाजताना फार रडायचा असं आई सांगते.

पैसे जानेवारीत आले, पण कुठे आले ते कळायला फेब्रुवारी उजाडला. आधार एका जुन्या खात्याला जोडलेलं होतं, त्याचं पासबुक त्यालाच आठवत नव्हतं. काका, तुम्ही बँकेत तपासा म्हणाला होतात. माझ्याकडून ते राहून गेलं. तेच पैसे नोव्हेंबरात मिळाले असते तर तिकडे अंडी खाल्ली असती त्याने.

चांदीचा दावा केला नाही. कारण इतिवृत्तात लिहिलंय, चार रुग्ण शोधले असं. जिल्ह्याच्या बैठकीत विचारतील तेव्हा मी तेच पान दाखवणार आहे.

आता १ मेच्या ग्रामसभेसाठी एक ठरवायचंय. ऑक्टोबरात जायच्या आधी प्रत्येक जोडीची तपासणी, वजन आणि कुठल्या कारखान्याला जाणार याची यादी. ही यादी मुकादमांच्या वहीत असते, पण ते उचलीचे आकडे असल्यामुळे वही दाखवत नाहीत. तुमच्यापैकी कुणी मुकादमाकडून नुसती नावं आणि कारखाना लिहून घेतलंय का? कसं सांगितलंत त्यांना?